गाण्याचा तास कोणी मागायचा?

(मिरज येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगीतावर बोलायला मिरजेत उभं राहायचं म्हणजे दडपण येतंच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी या गावात शिष्य घडवले. विष्णु दिगंबर पलुसकर इथे शिकले आणि 1931 साली इथेच त्यांनी देह ठेवला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथे घर केलं, मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची सगळी कारागिरी सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावाला गाण्याचं मोठेपण मी काय सांगणार?

तेव्हा मैफिलीबद्दल आज मी बोलणार नाही. चौथीच्या वर्गात, दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला गाण्याचं काय होतं, याबद्दल बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांची सगळी हयात शाळेत गाणं शिकवण्यात गेली. त्यांच्या गळ्याबद्दल सांगणारे इथे पुष्कळ बसले आहेत. मला त्यांच्या दुसऱ्या एका कामाबद्दल जास्त आदर आहे. जूनमध्ये वेळापत्रक भिंतीवर लागलं की ते आधी गाण्याच्या तासिका मोजायचे. एखादी कमी भरली तर थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचे आणि ती परत मिळवूनच बाहेर यायचे. आपण त्याला गुरुजींचा हट्टी स्वभाव म्हणायचो. शालेय संगीताचा इतिहास जसजसा वाचत गेलो तसतसं माझं मत पक्कं झालं की गाणं शाळेत टिकतं ते असल्या हट्टावरच. ते आपोआप कुठेच आलेलं नाही. ज्या ज्या ठिकाणी आलं, तिथे बहुधा कोणीतरी ते मागितलं होतं, आणि तेही तासिका, पद, पगार, प्रशिक्षण या कारभाराच्या भाषेत मागितलं होतं. जिथे नुसते गोडवे गायले गेले तिथे ते स्नेहसंमेलनाच्या पलीकडे गेलं नाही.

या मागणीचं एक जुनं आणि नमुनेदार उदाहरण अमेरिकेतल्या बोस्टन शहराचं आहे. लॉवेल मेसन हा गृहस्थ आधी बँकेत नोकरी करणारा, पुढे चर्चमधल्या समूहगानाचा शिक्षक झालेला. 1833 मध्ये त्याने काही मित्रांसह तिथे बोस्टन अकॅडमी ऑफ म्युझिक काढली. मग या मंडळींनी आणि शहरातल्या नागरिकांनी शाळा समितीकडे अर्ज केले की आमच्या सार्वजनिक शाळांत गायन शिकवा. समितीच्या उपसमितीने 1837 साली अहवाल दिला आणि गायन हा विषय बौद्धिक, नैतिक आणि शारीरिक अशा तिन्ही दृष्टींनी योग्य ठरवला. अहवाल अनुकूल आला, पण पैसे मंजूर झाले नाहीत. आपल्याकडच्या मंडळींना हे काही नवं वाटणार नाही. मेसन यावर रुसून बसला नाही. दक्षिण बोस्टनमधल्या हॉस स्कूलमध्ये त्याने वर्षभर बिनपगारी शिकवलं आणि वर्षअखेर पोरांना लोकांसमोर उभं करून गायला लावलं. ऑगस्ट 1838 मध्ये समितीने गायन हा विषय मंजूर केला. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांतल्या संगीताची सुरुवात इथून मोजतात.

यातल्या दोन गोष्टींकडे माझं लक्ष जातं. अर्ज करणाऱ्यांत एकटे गवई नव्हते, शहराचे नागरिक होते. आणि मेसनने समितीपुढे जे ठेवलं ते एखाद्या गुणी मुलाचं गाणं नव्हतं, सबंध वर्गाचं गाणं होतं. एक गुणी मूल गायलं की लोक त्याच्या गळ्याला दाद देतात. सगळा वर्ग सुरात गायला की शिकवण्याला दाद द्यावी लागते.

आपल्याकडे या मागणीची गरजच पडली नाही असं एक संस्थान होतं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तकं लिहिली आणि संस्थानच्या खर्चाने सर्वसामान्य घरांतली मुलं स्वर लिहू-वाचू लागली. पुढे सूफी गुरू म्हणून जगभर नाव झालेले इनायत खाँ हे त्यांचे नातू, त्याच वातावरणात वाढलेले. याच सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीच्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही 1916 साली बडोद्यातच भरली, भातखंडे यांच्या पुढाकाराने. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या या राजाला शाळा आणि गाणं या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी वाटल्या नाहीत. पण राजाच्या मनावर चालणाऱ्या गोष्टीला एक मर्यादा असते. बडोद्यात जे झालं ते शेजारच्या ब्रिटिश मुलखातल्या शाळांत झालं नाही, कारण तिथे नेटाने मागणारं फारसं कोणी नव्हतं.

आता मी पलुसकरांकडे येतो आणि त्यांच्याजवळ जरा जास्त वेळ थांबतो. कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेला हा मुलगा. दारूकामात डोळ्यांना इजा झाली, वाचन सुटलं, म्हणून गाण्याकडे वळला आणि मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकला. 1896 मध्ये त्याने मिरज सोडली. राजाश्रय, शिधा, राहायची सोय हे सगळं असताना सोडली. आपल्याला त्यांच्या आयुष्यातली नाट्यमय वळणं आठवतात, ती आज बाजूला ठेवू. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं तेव्हा त्यांनी नेमकं काय केलं ते पाहू. त्यांनी अभ्यासक्रम ठरवला. वर्ग पाडले. तासांचं वेळापत्रक केलं. परीक्षा ठेवल्या. ‘संगीत बालप्रकाश’सारखी लहान मुलांच्या हाती देता येतील अशी पुस्तकं काढली, ती छापायची व्यवस्था केली, आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवलं. स्त्रियांसाठी शिकायची सोय केली. पैसा एका राजाच्या खिशातून न घेता फी, देणग्या आणि तिकीट लावून केलेले जलसे यांतून उभा केला. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं सेवा करून मिळणारी विद्या ठरलेल्या फीत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पानापासून पुढे मिळू लागली. त्या काळच्या खानदानी गवयांना हे विचित्र वाटलं असणार, आणि यात विद्येचं काही नुकसानही झालं असेल. पण ज्या बापाला आपल्या मुलीला गाणं शिकवायचं आहे आणि तिला कुणाच्या दारात बसवायचं नाही, त्याला पहिल्यांदाच पत्ता मिळाला.

त्यांचं सर्वांत दूरदृष्टीचं काम मला उपदेशक वर्ग हे वाटतं. गवई तयार करण्याबरोबर शिक्षक तयार करायला हवेत हे त्यांनी ओळखलं होतं. काही वर्षांच्या करारावर विद्यार्थी घ्यायचे, त्यांच्या राहण्या-जेवण्याचा भार संस्थेने उचलायचा, आणि त्यांनी पुढे गावोगाव जाऊन शिकवायचं, अशी ती योजना. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे ही त्यांची शिष्यमंडळी. 1908 मध्ये मुंबईत आल्यावर त्यांनी मोठी इमारत बांधली, तिच्यासाठी कर्ज काढलं, आणि त्या कर्जापायी पुढे इमारत लिलावात गेली. पण शिक्षक लिलावात गेले नाहीत. पलुसकर गेले त्याच वर्षी, 1931 मध्ये, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. पुढच्याच वर्षी विनायकबुवांनी पुण्यात विद्यालय काढलं. संस्था उभी करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

या थोर माणसाबद्दल आदर ठेवूनच एक गोष्ट बोलली पाहिजे. पलुसकरांनी गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती त्याला भक्तीच्या आणि सोवळेपणाच्या चौकटीत बसवून. मध्यमवर्गीय घरांची दारं त्यामुळे उघडली हे खरं. पण ज्या उस्तादांनी आणि ज्या गाणाऱ्या बायांनी ही विद्या शतकानुशतकं जपली त्यांना त्या चौकटीत फारशी जागा उरली नाही. अब्दुल करीम खाँनी 1910 मध्ये बेळगावला आणि पुढे पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. मौलाबक्षांची पुस्तकं तर पलुसकरांच्याही आधीची. तरीही ‘उस्ताद शिकवत नाहीत, विद्या लपवतात’ हे पालुपद आपल्याकडे शंभर वर्षं चालू आहे. शाळेत गाणं आणायचं म्हणणाऱ्यांनी आता तरी ते सोडावं.

पलुसकरांनी उभ्या केलेल्या वाटेला पुढे दोन फाटे फुटले. एक फाटा शाळेकडे जाणारा होता. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी आपला शिष्य साबरमतीच्या आश्रमात पाठवला, तो म्हणजे पंडित खरे. आश्रमातल्या लहानथोरांना त्यांनी रोज गायला लावलं, आश्रम भजनावली संकलित केली, 1930 मध्ये दांडीयात्रेत ते चालले. संगीत प्राथमिक शिक्षणात हवं असं गांधीजी वारंवार लिहीत आले होते, आणि त्यांना ते कसं दिसतं हे खऱ्यांनी रोजच्या रोज दाखवून दिलं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा अभ्यासक्रम आखला, त्यात मातृभाषा, गणित, विज्ञान यांच्या पंगतीला चित्रकलेसह संगीतही होतं. महाराष्ट्राच्या भूमीवर, कागदोपत्री, संगीत हा मूलभूत शिक्षणाचा विषय ठरला त्याला आता नव्वद वर्षं होत आली.

दुसरा फाटा परीक्षांचा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी घरोघरी माहीत झाली. गल्लोगल्ली क्लास निघाले. हजारो मुलांना सूर-ताल कळले, मीही त्याच वाटेने आलो, आणि ते ऋण मानतो. पण गाणं शिकायचं असेल तर क्लास लावायचा, हे एकदा समाजाच्या मनात बसलं आणि शाळेची जबाबदारी संपली. पहिला फाटा गवताखाली गेला.

परिणाम बघा. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांसाठी वाढीव गुण देण्याची सोय शासनाने 2017 पासून केली. हेतू चांगला आहे, लोककलेचा समावेश तर फारच चांगला. आता या योजनेचा फायदा कोणाला होतो ते पाहा. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बहुतेक शाळेतूनच बसतात, कारण शाळेत चित्रकलेचा शिक्षक असण्याची आपल्याकडे परंपरा आहे. शास्त्रीय गाण्याच्या किंवा नृत्याच्या परीक्षा मुलं बाहेरच्या क्लासमधून देतात. म्हणजे जे शाळेने शिकवलंच नाही त्याचे गुण शाळान्त परीक्षेत मिळतात, आणि ज्या तालुक्यात क्लास नाही, किंवा ज्या घरात फीचे पैसे नाहीत, तिथलं मूल मागे राहतं. गुण काढून घ्या असं मी म्हणत नाही. गुण द्यायचे तर शिकवण्याची सोयही शाळेतच करा, एवढं म्हणतो.

कायदा यात आपल्या बाजूने आहे हे अनेक पालकांना ठाऊक नसतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंत पाडायची भाषा केली, आणि 2023 च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र क्षेत्राचं स्थान मिळालं. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात गायन-वादनाची पानं आहेत. म्हणजे कागद सगळे तयार आहेत. वर्गात मात्र ती पानं बहुधा तशीच उलटली जातात, कारण शिकवणाऱ्याला स्वतःला ते कोणी शिकवलेलं नसतं. मग ‘कला’ची श्रेणी वर्षाअखेरीस अंदाजाने भरली जाते आणि तासिका गणिताच्या सरावाला जाते. माध्यमिक शाळेत एखादा संगीत शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या तक्त्यातून कधी गळून पडते ते कळतही नाही. पेटी कपाटात जाते, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे.

एवढ्याशा ज्ञानाने काय फरक पडतो ते एका रोजच्या प्रसंगातून सांगतो. सकाळचा परिपाठ. माइक हाती घेऊन ताई प्रार्थना सुरू करतात, स्वर कुणीच दिलेला नसतो. समजा फारच वरच्या पट्टीत सुरुवात झाली. पहिली ओळ बरी जाते. अंतऱ्यात चाल तार षड्‌जाकडे चढते आणि तिथे लहान मुलांचा गळा पोचत नाही. मग निम्मी पोरं ओरडतात, निम्मी गप्प होतात, मागच्या रांगेतली नुसते ओठ हलवतात. हीच प्रार्थना पांढरी दोनवर सुरू करा. तार षड्‌ज आता मुलांच्या टप्प्यात येतो, खालचा पंचमही फार खोल जात नाही. दुसऱ्याच दिवशी सगळं पटांगण सुरात नसलं तरी एका स्वराच्या आसपास येतं. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तंबोरा चालतो. मी हे अनेक शाळांत करून पाहिलं आहे. ‘आमच्या मुलांना गळाच नाही’ म्हणणाऱ्या शिक्षिका आठवड्याभरात मुलांचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकवायला लागतात. मुलांचा गळा पहिल्यापासून ठीकच होता, त्यांना आजवर कोणी जमणारा षड्‌ज दिला नव्हता. हे ज्ञान डी.एल.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका दुपारी देता येतं.

अजून एक दृश्य याच जिल्ह्यातलं. दिवाळीनंतर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात आणि त्यांची मुलं काही महिन्यांसाठी आपल्या शाळांत बसतात. एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी मुलांना सांगितलं, घरून एक गाणं आणा. पुस्तकातलं नको, टीव्हीवरचं नको. त्या वर्गात एक मुलगी नव्यानेच आलेली होती, हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे बोलायची नाही. तिने आजीची एक ओवी आणली. बाईंनी फळ्यावर ओळी लिहिल्या, तिला पुढे उभं केलं, आणि वर्ग तिच्याकडून शिकला. चाल कुठे उचलायची, श्वास कुठे घ्यायचा, हे ती पोरांना हाताने दाखवत होती. त्या तासाला वर्गाची शिक्षिका ती होती. शाळेतलं संगीत म्हणजे शास्त्रीय गायनाची छोटी आवृत्ती, असं समजणाऱ्यांनी हा तास बघायला हवा होता. लेझीम, हलगी, भजनी मंडळाचा पखवाज, शाहिराचं डफ हे सगळं शाळेच्या कुंपणाला लागून आहे. फक्त फाटक उघडायचं राहिलंय.

शाळेत संगीताचं ठरलेलं पद असलं की काय होतं, ते कळण्यासाठी गोव्याकडे नीट पाहावं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चला जोडून गावोगाव शाळा निघाल्या. त्यांचा हेतू धर्माचा होता आणि त्या काळाच्या जखमा मी विसरत नाही. पण त्या शाळेत मेस्त नावाचा एक माणूस असायचा, आणि पोरांना सोल्फेज म्हणजे स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवणं हे त्याचं ठरलेलं काम असायचं. कुणाचा छंद म्हणून नव्हे, गावाने पोसलेलं पद म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या तसं चाललं आणि विसाव्या शतकात मुंबईत हिंदी चित्रपटांना वाद्यवृंद लागला तेव्हा स्वरलिपी वाचणारे वादक कुठून आले? गोव्याच्या खेड्यांतून आले. संगीतकार चाल गुणगुणायचे आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायचे. गोन्साल्विस माजोर्ड्याचे, त्यांचे वडील चर्चमधले गायनप्रमुख. आपण सगळे जी गाणी ऐकत मोठे झालो त्यांच्यामागे एका गावच्या शाळेतलं एक पद आहे. हंगेरीत झोल्तान कोदायने हेच काम सरकारकडून करून घेतलं. जगन्मान्य संगीतकार असूनही तो लहान मुलांसाठी स्वरपाठ लिहीत बसला, आणि 1950 मध्ये केचकेमेटला रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. तिच्या पाठोपाठ तशा शंभराहून अधिक शाळा झाल्या.

आता या मागणीच्या युक्तिवादाबद्दल. हल्ली शाळेत संगीत हवं म्हणणारे पहिलं वाक्य म्हणतात, ‘संगीताने मेंदू तल्लख होतो, गणित सुधारतं.’ ही भाषा मला धोक्याची वाटते. तिचा उगम ज्या प्रयोगापर्यंत नेतात तो 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. त्यातले लोक महाविद्यालयात शिकणारे होते, लहान मुलं नव्हती. त्यांनी मोझार्ट ऐकला होता, गायला शिकले नव्हते. आणि आकृत्यांच्या चाचणीत दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. तेवढ्यावर जगभर कॅसेटी नि सीडी खपल्या. गणितासाठी संगीत मागितलं तर उद्या कोणीही म्हणेल, मग गणिताचाच तास वाढवू. भूगोल मागताना आपण असं कारण देतो का? पृथ्वीवर राहणाऱ्या मुलाला पृथ्वी कळावी म्हणून भूगोल शिकवतो. आवाज घेऊन जन्मलेल्या मुलाला आपला आवाज वापरता यावा, दुसऱ्याचा ऐकता यावा, चाळीस जणांत आपला सूर मिळवता यावा, म्हणून गाणं शिकवायचं. ऐकणं ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे, आणि शाळेत ती शिकवणारा दुसरा विषय मला दिसत नाही.

नेतृत्व कोणी करायचं? मोठ्या कलावंतांनी एखादा पुरस्कार स्वीकारताना दोन शब्द बोलावेत, एवढ्याने भागत नाही. पण त्यांच्यापैकी एकाने जरी शिक्षण संचालकांकडे वेळ मागून पदांचा विषय काढला तर तो शंभर भाषणांहून उपयोगी पडेल. सगळ्यात मोठी सत्ता मात्र मुख्याध्यापकांकडे आहे. वेळापत्रक त्यांच्या सहीने लागतं. सोमवारची तिसरी तासिका गाण्याची, आणि ती परीक्षेच्या आठवड्यातही गाण्याचीच, एवढं त्यांनी पाळलं तरी शाळा बदलते. मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागात संगीत शिक्षकांची परंपरा आहे. इतर महापालिकांना आणि जिल्हा परिषदांना हे अशक्य नाही. प्रत्येक शाळेला शिक्षक देता येत नसेल तर केंद्राला एक द्या. केंद्रात साधारण दहा शाळा धरल्या तर रोज दोन शाळा करून आठवड्यात सगळ्या होतात. तो शिकवत असताना वर्गशिक्षकाने बाहेर न जाता वर्गातच बसायचं आणि तेच गाणं उरलेले दिवस मुलांकडून म्हणवून घ्यायचं. अशा दोन-तीन वर्षांत वर्गशिक्षक तयार होतो. उपदेशक वर्गाची कल्पना ही याहून वेगळी नव्हती. केंद्राच्या शिक्षण परिषदा नियमित भरतात, त्यांत संगीताला एक तास मिळाला तर प्रशिक्षणाचा वेगळा खर्चही लागत नाही.

मिरजेतल्या वाद्य-कारागिरांनाही माझी विनंती आहे. मुलांच्या मांडीवर बसेल असा लहान, मजबूत, शाळेच्या किमतीत बसणारा तंबोरा तुम्ही घडवा. मानांकन मिळालेलं वाद्य या शहराच्या शाळांतच नसेल तर ते बरोबर नाही. आणि निवृत्त संगीत शिक्षकांनो, तुम्ही क्लास जरूर चालवा, पण आठवड्यातून एक सकाळ जवळच्या शाळेला द्या, मेसनने एक वर्ष दिलं तशी. वर्षाअखेर सबंध वर्ग गावासमोर उभा करा, निवडक पाच मुलं नकोत. गावाने एकदा ते ऐकलं की पुढच्या वर्षी गावच मागेल.

पालकांसाठी शेवटचं सांगतो, कारण खरी किल्ली तुमच्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम कायद्याने याच समितीला दिलं आहे, आणि अनुदान देताना तो आराखडा आधार मानायचा असतो. वर्गखोली, शौचालय, कुंपण हे सगळं आपण त्यात लिहितो. जूनच्या पहिल्या सभेत एक ठराव मांडा: आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तासिका संगीताच्या हव्यात, केंद्राला संगीत शिक्षकाचं पद हवं, आणि कपाटातली पेटी दुरुस्त करून वर्गात हवी. इतिवृत्तात तो नोंदवून घ्या, आराखड्यात घालायला लावा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवून पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेत पुन्हा मांडा, आणि शेजारच्या गावच्या समितीलाही मांडायला सांगा.